चौथं रीळ

डबा उघडला तेव्हा आधी वास आला,
मुरायच्या आधीच बिघडलेल्या लोणच्यासारखा.
फखरुद्दीनभाई म्हणाले, "मर रही है पिक्चर,
देखना है तो इसी महीने देखो."

मटण स्ट्रीटच्या मागल्या खोलीत
शिवणयंत्रं, झुंबरांची हाडं बाजूला सारून
मी सोळा एमएमचा प्रोजेक्टर मांडला.
झाकणावर खडूनं, मराठीत:
पाहून झाल्यावर र. कोळंबकर, परळ, यांस परत करणे.
कोळंबकर संपाच्या दुसऱ्या वर्षीच गेले.
परत कुणाला करणार?

पहिल्या चौकटीपासून सगळं लाल.
आभाळ लाल, खाडी लाल,
सावकाराची टोपीसुद्धा लाल.
यात क्रांती नाही, रसायन आहे.
अशा प्रिंटमधला निळा आधी जातो, पाठोपाठ पिवळा;
लाल तेवढा बसून राहतो हट्टानं,
गिरणी विकली गेल्यावरही
फाटकाशी स्टुलावर बसणाऱ्या भय्यासारखा.

मिठागरावरची मुलगी. टोपली रिकामी,
पण मान अशी वाकवते की मणभर मीठ दिसतं.
सदऱ्याला ठिगळ आहे
आणि ठिगळाला इस्त्री.
सावकार सदा अर्ध्या उजेडात, कॅमेऱ्याच्या खाली.
तो कुबडा होत जातो, ती उंच होत जाते,
मध्येच बॅले, मध्येच थाळा, झांज,
आणि एक सूर असा वर चढतो
की झुंबराचा एक लोलक किणकिणला.
मला हसू आलं. मग अंगावर काटा आला.
दोन्ही खरं आहे.

शब्द कळावेत म्हणून
माझगावात केस कापणाऱ्या मिसेस थामना आणलं.
मांडीवर पर्स धरून बसल्या.
"हे उत्तरेकडचं बोलणं. मला काय कप्पाळ कळणार!
आमचं घरचं वेगळं,
तेही आता देवापुढे पुटपुटण्यापुरतं."

वांद्र्याचा गिऱ्हाईक मुलगा तोवर फोनवर फोटो काढत होता.
त्याला हा गुलाबी रंगच हवाय, भिंतीवर, चौकटीत.
चाळीस हजार म्हणाला. चारही रिळं असती तर साठ.

अचानक मिसेस थाम म्हणाल्या, "थांबवा."
थांबवलं तर जळेल, म्हटलं.
मागे गुंडाळून पुन्हा लावलं.
मुलगी मुठीत मीठ उचलते,
मूठ वळायच्या आधी क्षणभर
करंगळी आणि अनामिका पाकळीसारखी उघडते.

"ही देवीची बोटं," त्या म्हणाल्या.
"माझी आजी देवळाच्या उत्सवात अशीच करायची.
यांनी देवी हाकलून दिली
आणि बोटं ठेवून घेतली."

मला वडील आठवले, कलापथकातले ढोलकीवाले.
गण काढला, गौळण काढली,
मावशीच्या जागी मालक उभा केला, पोट बांधून.
ढोलकी मात्र तीच राहिली.
रात्री उशिरा, कार्यकर्ते झोपल्यावर,
ते बोटांनी उशीवर गणच वाजवायचे.

"हे लोक इथे चोरून पाहायचे?" त्यांनी विचारलं.
हो, परळला, दारं लावून.
"बासष्टपासून आमचे पप्पा दर सोमवारी
पोलीस ठाण्यात सही करायचे.
कात्री, वस्तरा, सगळं लिहून घ्यायचे.
आमच्याकडे नव्हतं आलं कुणी
लाल सलाम करायला."
आवाज चढला नाही. पर्सची चेन
उघडली, लावली, उघडली.

तिसरं रीळ संपलं. मूठ अर्धी वर.
पांढरा चौकोन फडफडत राहिला.

"पुढे काय होतं?" वांद्र्याच्या मुलानं विचारलं.
जिंकतात, फखरुद्दीनभाई म्हणाले, न पाहताच.
उस ज़माने में सब जीतते थे.

मिसेस थामना टॅक्सीत बसवून परत आलो,
तर मुलगा पैसे मोजत होता.
मी डबा पुसला, खडूची ओळ सोडून.
ती कुणी पुसली तर पुसो.
हाताला वास राहिला दोन दिवस.
भात कालवतानाही.